राणी एलिझाबेथ आणि निसर्गावरच्या डॉक्युमेंटरी करणारे डेव्हिड अॅटनबरो खरंच मित्र होते का, की सगळं कॅमेऱ्यापुरतं?

होते. एकमेकांकडे पोहे खायला जाणारे मित्र म्हणत असाल तर सोडून द्या, पण "कॅमेऱ्यापुरतं" वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

मी सांगली साइडला लोकल केबलवर कॅमेरा करायचो. दर दिवाळीला एका शेठचा शुभेच्छांचा व्हिडिओ माझ्याकडे असायचा, सलग सात वर्षं. पहिल्या वर्षी शेठ सोनेरी कोचावर, हातात कागद, "तमाम बंधू-भगिनींनो"लाच चारदा अडखळले आणि आजूबाजूचे सगळे वा वा करतायत. मी म्हटलं शेठ, कागद ठेवा, वसुबारस आहे, गोठ्यात चला. गाय त्यांच्या नेहरू शर्टाची बाही चाटायला लागली, माणूस खळखळून हसला, एका टेकमध्ये काम झालं. तेव्हापासून मला एकट्याला त्यांना काहीही बोलायची मुभा होती.

नंतर कळलं की अॅटनबरोने 1986 ते 1991 राणीचा ख्रिसमस संदेश प्रोड्यूस केला, आणि त्यातला पहिलाच राजवाड्याच्या तबेल्यात शूट झाला होता. मला केवढा आनंद झाला काय सांगू! (हाच माणूस 1969 मध्ये राजघराण्यावरच्या डॉक्युमेंटरीच्या दिग्दर्शकाला म्हणाला होता की या फिल्मने तुम्ही राजेशाहीच मारताय.)

माझा मेहुणा म्हणायचा, शेठ तुझा मित्र नाही, गिऱ्हाईक आहे. त्याला मी आयटीव्ही या ब्रिटिश चॅनेलच्या 2018 च्या डॉक्युमेंटरीतली क्लिप दाखवली. राणी आणि अॅटनबरो दोघंही 1926 चे, राणी सतरा दिवसांनी मोठी, नव्वदी पार करून बकिंगहॅमच्या बागेत फिरतायत. सूर्यघड्याळ दिसतं, तर अॅटनबरो म्हणतो बरोब्बर सावलीत लावलंय की! ती चिडत नाही, हसते, म्हणते पूर्वी इथे सावली नव्हती, हलवायला पाहिजे बहुतेक. आता राणीच्या घरात उभं राहून राणीच्याच घड्याळाची टर उडवायला आणि तिने ती हसून घ्यायला मैत्रीच लागते, नोकराचं काम नाही ते. तुम्हालाही असला मेहुणा असेल तर हीच क्लिप दाखवा, वाद घालत बसू नका.

मेहुणा म्हणाला, एडिट केलंय. आता एडिट असतंच, ते मलाच जास्त माहीत. आणि 1985 ला सर, 2005 ला ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब, जो राणी स्वतःच्या मर्जीने द्यायची आणि एका वेळी जास्तीत जास्त चोवीस जणांकडे असतो, हे सगळं अॅटनबरोला मिळालं तेही खरं. मला पाकीट मिळायचं. पाकीट घेतलं म्हणजे मैत्री खोटी असं कुठे लिहिलंय?

शेठ गेले तेव्हा मी केबल सोडून तीन वर्षं झाली होती. रक्षाविसर्जनाला गेलो, त्यांच्या मुलाने लांबून ओळखलं, जवळ आला आणि म्हणाला, "कॅमेरा नाही आणला?" मेहुणा शेजारीच उभा होता.