मुलाच्या हातावर बारीक चकचकीत पुटकुळ्या आल्यात, शाळेत पाठवू का?

पाठवा की. बारा वर्षांचा मुलगा, हातांवर आणि पोटावर कातडीच्याच रंगाच्या बारीक पुटकुळ्या, खाज जवळपास नाही, एके ठिकाणी तर सरळ ओळीत: तुमच्या वर्णनावरून हा लायकेन नायटिडस नावाचा कातडीचा आजार असू शकतो. माझ्या मुलीला तेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, तेव्हा स्किनवाल्यांना एकदा दाखवाच. पण लायकेन नायटिडस संसर्गजन्य नाही.

ती ओळ महत्त्वाची. जिथे खाजवलं, खरचटलं, त्याच रेघेवर नव्या पुटकुळ्या उठतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग घेऊन आधी तीच शोधली. अर्थात मोलस्कम किंवा सपाट चामखीळही अशा ओळीत येते, आणि ते दोन्ही विषाणूचे, पसरणारे. मोलस्कमच्या पुळीला बहुधा मधोमध खळगा असतो. लायकेन नायटिडसची पुळी 1-2 मिलिमीटरची, सपाट माथ्याची, उजेडात चमकणारी. शंका राहिली तरच बायोप्सी, म्हणजे कातडीचा बारीक तुकडा काढून तपासणी, करतात. फेलिक्स पिंकस या जर्मन डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या आजाराचं वर्णन केलं. तो का होतो हे मात्र वैद्यकाला अजून नीट उलगडलेलं नाही.

औषध बहुतेकदा लागतच नाही. काही महिन्यांत, कधी दोन-तीन वर्षांत, आपोआप जातं, डागही सहसा राहत नाही. आम्हाला नुसतं मॉइश्चरायझर मिळालं. खाज असेल तर सौम्य स्टेरॉइडचं किंवा टॅक्रोलिमस या औषधाचं मलम देतात, अंगभर असेल तर यूव्ही किरणांचे शेक.

मला खरी भीती वाटते ती मेडिकलवाल्याच्या 'ही ट्यूब लावून बघा'ची. स्टेरॉइड, अँटिबायोटिक, बुरशीचं औषध, सगळं एकात कालवलेलं. 2018 मध्ये बऱ्याच स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची झाली, तरी गल्लीत मागताच मिळतात. महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, काखा-जांघांत कायमचे वळ पडतात.

सासूबाई 'उष्णता बाहेर पडतेय' म्हणतात ना? सब्जा देऊ द्या, काही बिघडत नाही. हळद-लिंबू चोळायला मात्र देऊ नका, चोळण्यानेच नव्या ओळी उठतील.

आणखी एक. मुलग्यांना या पुटकुळ्या लिंगावरही येतात, आणि या वयाची पोरं ते घरात सांगत नाहीत. दवाखान्यात नेण्याआधी वडिलांनी त्याला एकट्याला विचारावं.