हायस्कूलमध्ये असताना कॉलेजचा ड्रॉइंग क्लास घ्यावा का? आमचा अनुभव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेक दहावीत, घर सॅन होजेच्या आसपास, चित्रकलेची मनापासून आवड. शाळेचा काउन्सेलर म्हणतो एपी घे (म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स), मैत्रीण म्हणते कम्युनिटी कॉलेजात जा (म्हणजे जवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात), आणि या सगळ्याचा उपयोग किती ते कुणीच नीट सांगत नाही. आमच्या थोरलीने दोन्ही केलं, म्हणून जरा लांबण लावते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ड्रॉइंग १, म्हणजे चित्रकलेचा पहिला कोर्स, घ्या, कम्युनिटी कॉलेजातच, आणि ऑनलाइन नको, वर्गात जाऊन. पण अ‍ॅप्लिकेशनवर एक ओळ वाढेल म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. त्या एका ओळीसाठी ही मेहनत फार महाग पडते.

आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली माणसं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. चित्र पूर्ण करायचं, स्वच्छ ठेवायचं, ग्रेड मिळवायची. मला वाटलं इथेही तसंच असेल. पहिले तीन आठवडे आमच्या थोरलीने नुसत्या खुर्च्या काढल्या. खुर्च्याही नव्हेत, त्यांच्या पायांमधली रिकामी जागा! स्वस्तातल्या न्यूजप्रिंटचं भलंमोठं पॅड, कोळसा, आणि कणकेच्या गोळ्यासारखं मळायचं रबर. घरी यायची तेव्हा नाकाच्या शेंड्यावर काळं.

मग पहिली क्रिटिक. सगळ्यांची चित्रं भिंतीला टाचतात आणि एकेकावर सगळे बोलतात. हिने काचेची बाटली काढली होती, शेडिंग इतकं सुरेख की मी फोटो काढून आजीला पाठवला होता. वर्गातले एक सत्तरीचे निवृत्त आजोबा शांतपणे म्हणाले, "बाटली छान आहे, पण ती टेबलावर टेकलेली नाही." खरंच होतं. तोंडाचा लंबगोल एका कोनातून आणि बूड दुसऱ्याच कोनातून. बाईंनी फडकं हातात दिलं आणि सगळं पुसून पुन्हा काढायला लावलं. गाडीत बसल्यावर रडली. पुढच्या आठवड्यात तीच बाटली चार वेळा काढली, आणि चौथी टेबलावर बसली. शाळेत सगळे "वॉव" म्हणतात. इथे शेजारी कुणी नर्स, कुणी निवृत्त, कुणी रात्रपाळीहून आलेला, आणि तिच्या वयाचं कौतुक कुणालाच नाही. मला विचाराल तर पैसे वसूल इथेच होतात.

पैसे म्हटलं तरी फार नाहीत. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टरच्या युनिटला ४६ डॉलर, आणि हायस्कूलच्या मुलांना ती बहुतेक कॉलेजं माफ करतात, ११ युनिटपर्यंत. सामानाचा आणि किरकोळ शुल्कांचा खर्च तेवढा आपला. वेळ मात्र भरपूर जातो. तीन युनिट म्हणजे आठवड्याला तीन तास असं समजू नका. स्टुडिओ क्लासला वर्गातच साधारण सहा तास असतात, आणि घरचं काम वेगळं. ज्या सेमिस्टरला केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस एकत्र आहे, तेव्हा हा क्लास नको.

कारण ही ग्रेड कायमची. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर उमटते आणि पुढे प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनमध्ये दाखवावी लागते. झेपत नसेल तर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत, ठरलेल्या तारखेआधी बाहेर पडा. नाहीतर डब्ल्यू लागतो, म्हणजे कोर्स अर्धवट सोडल्याचा शेरा. आमच्या धाकट्याला सिरॅमिक्समध्ये लागला, कारण आम्ही शाळेचं कॅलेंडर बघत बसलो आणि कॉलेजचं उघडलंच नाही. चूक आमचीच.

उपयोगाचं म्हणाल तर, यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, प्रवेशासाठी जो एक वर्षाचा व्हिज्युअल-परफॉर्मिंग आर्ट्सचा 'एफ' विषय लागतो, तो तीन युनिटच्या एका यूसी-ट्रान्स्फरेबल (यूसी मान्य करते अशा) कोर्सने पूर्ण होतो. जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, एपीसारखा जादा पॉइंटही मिळतो. कोर्स ट्रान्स्फरेबल आहे की नाही ते असिस्ट या कॅलिफोर्नियाच्या अधिकृत साइटवर आधी बघा. शाळेच्या डिप्लोमासाठी तो किती क्रेडिटचा धरायचा, हे मात्र तुमचा स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवतो. ते लेखी विचारून घ्या, तोंडी "हो हो" वर जाऊ नका. खाजगी विद्यापीठांचं वेगळंच असतं. शाळेच्या डिप्लोमात मोजलेला कोर्स बरीचशी आपल्या क्रेडिटमध्ये पुन्हा धरत नाहीत. आर्ट स्कूलला जायचं असेल तर तिथे शेवटी पोर्टफोलिओच बोलतो.

एपीबद्दल. एपी ड्रॉइंगला परीक्षा नसते, पोर्टफोलिओ असतो: एका विषयाचा पाठपुरावा दाखवणाऱ्या १५ प्रतिमा आणि ५ निवडक कामं. स्वतःचा प्रश्न घेऊन वर्षभर काम करायची सवय लागते, चांगलंच आहे. पण पाया नसेल तर ते पंधरा प्रयोग नुसते भिरभिरतात. म्हणून ड्रॉइंग १ दहावीच्या उन्हाळ्यात किंवा अकरावीत, एपी नंतर. एपी आर्ट हिस्टरी म्हणजे २५० कलाकृती. सांचीचा स्तूप आहे, खजुराहोचं लक्ष्मण मंदिर आहे, नटराज आहे, ताजमहाल आहे. अजिंठा नाही! आमचे बाबा औरंगाबादचे, ते हे ऐकून दोन दिवस घुश्शात होते. पाठांतर आवडणाऱ्या मुलांना झकास, पण हातात कोळसा घ्यायची हौस असलेल्या मुलीला ती पहिली पायरी नव्हे.

आणखी एक, आपल्या आई-बाबांसाठी. कॉलेजात नाव घातलं की मुलगी पंधराची असली तरी तिथल्या रेकॉर्डचे हक्क कायद्याने तिचे होतात. प्राध्यापकांना तुम्ही ईमेल केलीत तर उत्तर बहुधा येणार नाही. गैरहजेरी, शंका, उशीर, सगळं तिनेच लिहायचं. मी पहिल्या महिन्यात तीन मसुदे लिहून दिले, नंतर तिने मला त्या मेल दाखवणंही बंद केलं.

सिअ‍ॅटलकडचे वाचत असतील तर तिथे अकरावी-बारावीला रनिंग स्टार्ट या राज्याच्या योजनेत कॉलेजची ट्यूशन लागत नाही, ओहायोत तशीच कॉलेज क्रेडिट प्लस आहे. नियम आपापल्या राज्याचे बघा. उन्हाळ्यातले महागडे निवासी प्री-कॉलेज कार्यक्रम मी तरी पहिल्या वर्षी सुचवणार नाही.

आता घाई कशाची, तर हायस्कूलमधून कॉलेजात क्लास घ्यायच्या परवानगीच्या फॉर्मची. त्यावर काउन्सेलरची सही लागते आणि तो बहुतेक ठिकाणी दर सत्राला नव्याने भरावा लागतो. आमचा एकदा शाळेच्या ऑफिसात तीन आठवडे पडून होता. शाळा सुटायच्या आधी सही घ्या, जूनमध्ये कुणी सापडत नाही. हायस्कूलच्या मुलांचा रजिस्ट्रेशनचा नंबर शेवटी लागतो आणि ईझल (चित्र ठेवायचे स्टँड) मोजकीच असतात, त्यामुळे क्लास भरलेला दिसेल. वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या दिवशी तिला खरोखर वर्गात पाठवा. पहिल्या आठवड्यात गळती होते, जो हजर असतो त्याला जागा मिळते. आणि गाडीच्या सीटवर जुना टॉवेल घालून ठेवा. आमच्या सीटवरचा कोळसा अजून गेलेला नाही.