पाठमोरे पक्षी

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सागरेश्वर अभयारण्यातल्या पक्ष्यांचे फोटो रात्री निवांत पाहिले. फोकस जमायला लागलाय. पण सत्तावीसपैकी वीस पक्षी पाठमोरे आहेत. पाठमोरा पक्षी म्हणजे उडायच्या बेतातला पक्षी. तू त्याच्या मागे मागे चालत होतास, हे फोटोच सांगतात.

पुढच्या खेपेला एकच पक्षी धर. वेडा राघू घे, तो छोटा हिरवा पक्षी. तो एखादी उघडी काटकी निवडतो, तिथून झेपावून माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच काटकीवर परत येऊन माशी आपटत बसतो. मग धावायचं कशाला? तो उडाला की काटकीवर फोकस लावून ठेव, सूर्य पाठीशी घे आणि खाली बस. बसलेल्या राघूला १/५०० सेकंदाचं शटर पुरतं, झेप टिपायची तर १/२००० लाव. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढला तरी वाढू दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. डोळा मात्र लख्ख हवा.

कोतवाल पक्ष्याचा फोटो नुसता काळा डाग झालाय, कारण मागचं आभाळ बघून कॅमेरा फसला. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप वाढव, म्हणजे प्रकाश दुप्पट घे. पांढऱ्या बगळ्याला उलट कर, थोडं कमी ठेव.

सागरेश्वर लहान आहे, जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. उजाड डोंगरावर धों. म. मोहित्यांनी ध्यास घेऊन झाडं उभी केली आणि १९८५ साली अभयारण्य झालं. इतक्या कष्टाने आलेल्या सावलीत दिवसभर पळापळ करणं मला बरं वाटत नाही.

घरट्याचे फोटो काढू नकोस. का, ते सांगतो. एका एप्रिलमध्ये कृष्णाकाठच्या माळावर मला टिटवीची चार अंडी दिसली. मी अर्धा तास तिथेच बसलो. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि मी खुशीत बटण दाबत होतो. भर उन्हात टिटवी पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते, हे मला नंतर कळलं. आठवड्याने गेलो तेव्हा अंडी तशीच होती, टिटवी नव्हती. तो फोटो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणारेही भेटतील. तू लावू नकोस. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा आला, आणि तो सगळं सोडून त्याला हुसकायला धावतो.

डिसेंबरात मायणीच्या तलावावर जाऊ. पाणी असलं तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस दिसतील. विट्याहून पहिल्या एसटीने ये, मी स्टँडवर थांबतो. आणि तो लाल शर्ट घालू नकोस, मातकट रंगाचा काहीतरी घाल.

तुझा,
काका