जर्मनीचं नंतर, आधी तुझे कागद बघ

तू अक्का म्हणालीस म्हणून अगंतुगं करते. मीही नर्सच, जर्मनीला आलेली. खानापूरची नर्स, वय ४४, पोरगा पुण्याला, नवऱ्याचा अबोला, घरात सासूबाईंचा शब्द शेवटचा. ‘मी कोण हेच कळेना झालंय, जर्मनीला जाऊ काय?’ असं विचारलंस.

आधी वय. ४५ पूर्ण झाल्यावर कुशल कामगाराचा पहिला व्हिसा मागितलास तर चांगल्या पगाराची अट लागते, नाहीतर म्हातारपणाच्या पेन्शनची सोय दाखवावी लागते. नर्सच्या सुरुवातीच्या पगारात ते बसणं अवघड. तेव्हा ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणू नकोस. जर्मन भाषा बी-२ पर्यंत, म्हणजे कामावर नीट बोलता येईल अशा पातळीपर्यंत न्यायला मला चौदा महिने लागले, रात्री भांडी आवरल्यावर. घरात मराठी, कचेरीत कन्नड बोलून वाढलेल्या आपल्याला तिसरीची भीती कसली? तिथंही चोवीस म्हणताना आधी चार, मग वीस! एजंटानं नोकरीसाठी पैसे मागितले तर उठून ये.

खरी गंमत कागदांत. दहावीच्या दाखल्यावर आणि नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनवर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरनं बदललेलं, अगदी पहिलं नावसुद्धा. जन्मगाव जुन्या कागदांवर बेळगाव, २०१४ नंतरच्यांवर बेळगावी. कागद तपासणाऱ्या बाईनं विचारलं, ‘ह्या सगळ्या तुम्हीच?’ तिथं हसले. खोलीवर येऊन रडले.

नाव बदलल्याचा पुरावा म्हणजे लग्नाचा दाखला, आणि आमच्या लग्नाची नोंदच नव्हती. नोंदीला नवऱ्याची सही लागते. आमच्यातही तेव्हा बोलणं नव्हतं. मी ‘बँकेला लागतंय’ म्हणून शहापुरातनं त्याला सबरजिस्ट्रारकडे नेलं. बिचाऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. व्हिसा आल्यावर त्याला सगळं कळलं. जाण्याचं त्यानं कधीच मनाला लावून घेतलं नाही, त्या सहीचं मात्र घेतलं. तू तसं करू नकोस. सही कशाला हवी ते तोंडावर सांग, भांडण होऊ दे.

आणि जाऊन ओळख सापडते म्हणतात, त्यावर फार विसंबू नकोस. पहिले सहा महिने मी पेशंटना अंघोळ घालणारी मदतनीस होते. माझ्या नर्सिंगच्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळाल्यावर नर्स झाले. वॉर्डात मला माहेरच्या नावानं हाक मारतात. ते मीच सांगितलं.

माझी पोरगी दोन वर्षं बोलली नाही. आता रविवारी फोन करते, ‘जेवलीस काय?’ एवढंच विचारते. नवरा पैसे पाठवले की म्हणतो, ‘बँकेला लागतंय काय?’ चिडवतो की टोचतो, मला अजून कळलेलं नाही.