येशूनं द्राक्षारस केला, मंग मले काहून टोकता?

कापूस वेचणीच्या ऐन दिवसात, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ही बाई माझ्याकडे आली. दिवसाची मजुरी बुडवून. तिचा प्रश्न मला नवा नव्हता. "ताई, आमचे हे म्हनते, येशूनं लग्नात पान्याची दारू केली, मंग मले काहून टोकता? मी काय सांगू जी त्याईले?"

तो नुसताच ज्यूस होता, असं काही उपदेशक सांगतात. मला ते पटत नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, काना नावाच्या गावातलं हे लग्न आहे. तिथं पाण्याचे सहा दगडी रांजण आहेत, आणि लोक पिऊन तर्र झाल्यावर यजमान हलका द्राक्षारस पुढे करतात, असं भोजनकारभारीच बोलतो. ज्यूसनं कोण तर्र होतं? प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, हेही खरं. पण तोच पौल इफिसकरांना लिहितो, द्राक्षारसानं मस्त होऊ नका. आणि करिंथकरांना, मला सगळ्याची मोकळीक आहे, पण मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही.

म्हणून तिला म्हटलं, कानाच्या लग्नावरून भांडू नका, त्यात तुम्ही हराल. एवढंच विचारा, सकाळी उठल्यावर दारूवाचून हातांची थरथर थांबते का? ती पटकन म्हणाली, "नाही जी. चूळ भराच्या आंधीच घोट लागते."

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी फक्त वहीत लिहून घेतलं.

जाता जाता तिनं भाजीत गुपचूप टाकायच्या औषधाचं विचारलं. त्याला मात्र मी ठाम नाही म्हटलं. दारू सोडवायच्या काही गोळ्यांवर माणूस नकळत प्याला तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, जीवही जाऊ शकतो.

पंधरा दिवसांनी गावात प्रार्थना सभा झाली. तिच्या नवऱ्यानं सगळ्यांसमोर गुडघे टेकून शपथ घेतली आणि रोजचे दोन-तीन पव्वे एकदम बंद केले. तिसऱ्या रात्री तिचा फोन. अंगाला कापरं, घामानं सदरा ओला, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडतोय. पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होते, शेजारी कुजबुजत होते की विश्वास कमी पडला, सैतान परत आला.

मी म्हटलं, प्रार्थना गाडीत करा, आधी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय लागलेली असते. ती अचानक तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत असा भ्रम होतो, आणि उपचाराविना त्यात माणूस दगावतो. शपथ खोटी नव्हती, फक्त डॉक्टरांशिवाय घेतली होती.

आठवडाभर औषधं, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. शुद्धीवर आल्यावर त्याला मीच विचारलं, "भाऊ, कानाच्या लग्नात जे प्याले, ते दुसऱ्या दिवशी कामाला गेले असतील का?" तो हसला. "गेले असतीन जी. मी नसतो गेलो."

प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची, भीती त्याला उरली होती. प्याल्यातला वास आला तर? त्यांच्या मंडळीत द्राक्षाचा साधा रस देतात, हे इतकी वर्षं घेऊनही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तरी पाळकसाहेबांना मी म्हटलं, त्याला बाटली उघडून दाखवा. रोमकरांच्या पत्रात भावाला अडखळण होईल असं काही न पिणंच बरं म्हटलंय, आणि आपल्याकडे असे भाऊ पुष्कळ आहेत. (वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात 2015 ला आली नि 2021 मध्ये उठली. पण बंदीच्या गावातूनही माझ्याकडे बायका येतात.)

पोळ्याला तो घसरला. बैल धुवायला गेला तो रात्रीच परतला. तिनं फोन केला तेव्हा रडत नव्हती. "ताई, आता सकाळी सोताच उठून दवाखान्याची चिठ्ठी धुंडून राह्यला. तुमी थोडं बोलता का त्याईच्याशी?"