तासांची मागणी: नव्या नेटवर्कमध्ये रुजू होणाऱ्यास पत्र

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. अमेरिकेतील एका नव्या दूरचित्रवाणी नेटवर्कच्या संलग्न केंद्र विभागात तू रुजू होत आहेस, आणि देशभरातील स्थानिक केंद्रांशी करार जुळवण्यासाठी कोणती तयारी करावी, असे तू विचारले आहेस. या व्यवसायात माझी बहुतेक वर्षे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे केंद्रांच्या बाजूला गेली. नेटवर्कची माणसे गुळगुळीत माहितीपत्रके घेऊन येत आणि आम्ही ती ऐकून घेत असू. त्यामुळे येथे जे लिहितो आहे ते ऐकून घेणाऱ्याच्या बाजूचे आहे, आणि तुला बहुधा त्याचाच अधिक उपयोग होईल.

तुझी आजवरची नोकरी मुंबईच्या वाहिन्यांत झाली असल्यामुळे आधी एक फरक नीट ध्यानात घे. आपल्याकडे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून प्रक्षेपण करणे दूरदर्शनकडेच राहिले, आणि खासगी मराठी वाहिन्या उपग्रहावरून केबलचालकांकडे व डीटीएच कंपन्यांकडे गेल्या. केबलवर जागा हवी असेल तर कॅरेज फी मोजायची, असा तो व्यवहार. अमेरिकेत परवाना एकेका शहरातल्या केंद्राला मिळतो, नेटवर्कला नव्हे. तो देते फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी. एका मालकाच्या केंद्रांनी देशातली किती घरे व्यापावीत यावर कायद्याची मर्यादा आहे, त्यामुळे कितीही पैसा असला तरी एखाद्या नेटवर्कला सारा देश स्वतःच्या केंद्रांनी भरून काढता येत नाही. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नीलसन कंपनीने पाडलेल्या २१० बाजारपेठांपैकी बहुतेक ठिकाणी तुला दुसऱ्याच्या दारात जावे लागणार आहे.

त्या दारात गेल्यावर नवखी माणसे आपल्या कार्यक्रमांचे गुणगान सुरू करतात. तू देऊ केलेले कार्यक्रम केंद्राचा मालक नंतर पाहील. त्याला प्रथम दिसते ते त्याच्या तासांवर आलेले मागणे. त्याच्या विक्री व्यवस्थापकाच्या टेबलावरचा कागद डोळ्यांसमोर आण. समज, रविवारी संध्याकाळी सात वाजता तो एका जुन्या विनोदी मालिकेचे पुनःप्रसारण दाखवतो आणि त्या अर्ध्या तासातली जाहिरातीची सहाही मिनिटे त्याची स्वतःची आहेत. तुझा कार्यक्रम घेतला तर त्यातली दोनच त्याच्याकडे उरणार, बाकीची नेटवर्क विकणार. म्हणजे उत्पन्न आहे तेवढेच राखायचे तरी मिनिटाचा दर तिप्पट मिळाला पाहिजे. (आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, प्रमाण करारागणिक बदलते.) त्यातून जुन्या मालिकेचा खर्च वजा होईल, असे तू म्हणशील, पण येथेच नवा माणूस फसतो. त्या मालिकेचे भाग केंद्राने काही वर्षांसाठी, ठरावीक वेळा दाखवण्याच्या हक्कासह, आधीच विकत घेतलेले असतात. ते दाखवले नाहीत तरी त्यांचे हप्ते चुकत नाहीत. म्हणून जाण्याआधी त्या केंद्राच्या कपाटात कोणत्या मालिका पडून आहेत आणि त्यांची मुदत केव्हा संपते, हे शोधून काढ. मुदत संपत आलेला तास स्वस्तात मिळतो.

तास मागण्यासाठी मुळात रिकामे, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कला न बांधलेले, केंद्र असावे लागते, आणि ते नसेल तर काय होते हे ड्यूमाँट नेटवर्कच्या कथेत दिसते. १९४६ मध्ये सुरू झालेल्या या नेटवर्कजवळ कल्पकता भरपूर होती, पण १९४८ ते १९५२ या काळात एफसीसीने नव्या केंद्रांचे परवाने गोठवले आणि बहुतेक शहरांत दोन-तीनच केंद्रे राहिली. ती एनबीसी आणि सीबीएस या बड्या नेटवर्कांनी धरलेली. उरलेल्या फटीसाठी एबीसी आणि ड्यूमाँट यांची ओढाताण. नंतर यूएचएफ या अधिक वारंवारतेच्या पट्ट्यात नव्या जागा निघाल्या खऱ्या, परंतु घरोघरच्या संचांना तो पट्टा पकडताच येत नव्हता. सर्व नव्या संचांत ती सोय सक्तीची झाली ती १९६४ मध्ये. एकच केंद्र असलेल्या गावांत तो मालक चारही नेटवर्कांतले वेचक कार्यक्रम घेई आणि ड्यूमाँटच्या वाट्याला अडनिड्या वेळा येत. पिट्सबर्गचे केंद्र मात्र ड्यूमाँटचे स्वतःचे होते आणि बराच काळ त्या मोठ्या शहरात दुसरे व्यावसायिक केंद्रच नव्हते, म्हणून इतर नेटवर्कांनाही ड्यूमाँटशी गोड बोलावे लागे. पैशाच्या ओढीने १९५४ च्या अखेरीस ते वेस्टिंगहाउसला ९७.५ लाख डॉलरना विकले गेले आणि सौदा करायचे बळच संपले. १९५६ मध्ये नेटवर्क बंद पडले.

ड्यूमाँटची न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथील केंद्रे पुढे मेट्रोमीडिया कंपनीकडे आली, आणि तीच दोन केंद्रे १९८६ मध्ये फॉक्स या नव्या नेटवर्कचा पाया ठरली. रूपर्ट मरडॉक यांनी मेट्रोमीडियाची केंद्रे घेण्याचा सौदा १९८५ मध्ये केला. परदेशी नागरिकाला परवाना मिळत नाही म्हणून त्याच वर्षी अमेरिकेचे नागरिकत्वही घेतले. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, वॉशिंग्टन, डॅलस आणि ह्यूस्टन ही सहा शहरे हाती आली, म्हणजे देशातली सुमारे पाचवा हिस्सा घरे. पहिली बैठक मागण्याआधीच एवढा आधार असला की जाहिरातदार फोन उचलतो, आणि जाहिरातदाराने फोन उचलला की लहान शहरातला केंद्रमालकही उचलतो.

तोवर परिस्थितीही पालटली होती. केबलमुळे यूएचएफ केंद्रांचे चित्र जुन्या व्हीएचएफ पट्ट्यातल्या केंद्रांइतकेच स्वच्छ दिसू लागले होते, कोणत्याही नेटवर्कशी न जोडलेली स्वतंत्र केंद्रे वाढली होती आणि उपग्रहामुळे कार्यक्रम पोचवण्यासाठी महागड्या तारांची गरज उरली नव्हती. या स्वतंत्र केंद्रांकडे फॉक्सचे अधिकारी बॅरी डिलर आणि जेमी केलनर यांनी जी मागणी नेली तिची माफकता बारकाईने पाहा. ऑक्टोबर १९८६ मध्ये विनोदी कलाकार जोन रिव्हर्स यांचा रात्री उशिराचा गप्पांचा कार्यक्रम, एवढीच सुरुवात. त्या वेळेला स्वतंत्र केंद्राच्या हातात जुन्या चित्रपटाखेरीज विशेष काही नसे. तो तास देताना कोणाचे फारसे नुकसान नव्हते, म्हणून शंभराला थोडी कमी केंद्रे पहिल्या दिवसापासून बरोबर आली. कार्यक्रम चालला नाही, रिव्हर्स काही महिन्यांत गेल्या, पण करार टिकले. एप्रिल १९८७ मध्ये फक्त रविवार संध्याकाळ, नंतर शनिवार, आणि सातही रात्री भरायला १९९३ उजाडले. पहिल्या रविवारी तर तेच दोन नवे कार्यक्रम संध्याकाळभरात पुन्हा पुन्हा दाखवले गेले, कारण तिसरा तयारच नव्हता.

हा सारा संथपणा नाइलाजाचा नव्हता. आठवड्याला १५ तासांहून अधिक प्राइम टाइम देणारी संस्था एफसीसीच्या लेखी पूर्ण नेटवर्क ठरे आणि मग तिला मालिकांची मालकी व पुनःप्रसारणाच्या हक्कांवरचे निर्बंध लागू होत. स्टुडिओ असलेल्या फॉक्सला ते परवडणारे नव्हते. केंद्रांच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ फार सोयीचा होता: सुरुवातीच्या काही वर्षांतले रविवार सोडले, तर रात्री दहाचा तास फॉक्सने मागितला नाही. तेथे केंद्र स्वतःची बातमीपत्रे लावू शकत होते, आणि बातमीपत्रातली सगळी मिनिटे त्याचीच. मायामीच्या चॅनल ७ ने हे सर्वांत चांगले ओळखले. एनबीसीने त्याच शहरातले दुसरे केंद्र विकत घेतल्यामुळे १९८९ च्या आरंभी हे केंद्र उघड्यावर पडले. त्याने फॉक्सशी जोडून घेतले आणि रिकाम्या झालेल्या वेळांत बातम्या ओतल्या. माझ्या मते फॉक्सची सर्वांत प्रभावी जाहिरात त्या केंद्राने फुकट करून दिली. उलट, मिनियापोलिसच्या चॅनल ९ ने तुटपुंजी प्रेक्षकसंख्या पाहून १९८८ मध्ये फॉक्सला रामराम ठोकला. असे होणार, हे धरून चाल.

मोठी मागणी करण्याची वेळ वेगळी असते. डिसेंबर १९९३ मध्ये फॉक्सने व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधल्या एनएफसी या संघगटाच्या सामन्यांचे चार वर्षांचे हक्क १५८ कोटी डॉलरना घेतले; ते दशकानुदशके सीबीएसकडे होते. मग मे १९९४ मध्ये न्यू वर्ल्ड या केंद्रसमूहात ५० कोटी डॉलर गुंतवण्याचा करार झाला आणि त्याच्या बारा केंद्रांनी जुनी नेटवर्के सोडून फॉक्स धरले. यात पैशाइतकाच भूगोलही होता. डेट्रॉइट, अटलांटा, डॅलस, टँपा, मिलवॉकी येथली केंद्रे सीबीएसची होती आणि गावच्या संघाचे सामने दाखवत होती. सीबीएसबरोबर राहिली असती तर संघ शहरातल्या प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर गेला असता. सीबीएसची मात्र धावाधाव झाली. डेट्रॉइटमध्ये त्याला चॅनल ६२ विकत घ्यावे लागले, मिलवॉकीत चॅनल ५८ वर समाधान मानावे लागले.

या विजयाची दुसरी बाजू तुझ्या विभागात तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. डेट्रॉइटचे चॅनल ५० हे फॉक्सचे अगदी पहिल्या दिवसापासूनचे साथीदार. अधिक बळकट केंद्र मिळताच त्याला निरोप मिळाला. कायद्याने यात काही गैर नव्हते. परंतु तेव्हापासून प्रत्येक शहाणा केंद्रमालक विचारतो की तुमचे चांगले दिवस आल्यावर माझे काय. या प्रश्नाला गोलमोल उत्तर देऊ नकोस. मुदत किती, मुदतीआधी करार मोडल्यास भरपाई काय, केंद्र विकले गेल्यास नव्या मालकाला करार बांधील राहील का, हे कागदावर असू दे. त्याच्याकडेही हक्क राहतोच: अयोग्य वाटलेला कार्यक्रम नाकारण्याचा केंद्राचा अधिकार एफसीसीच्या नियमांनी राखलेला आहे, तो करारात काढून घेता येत नाही. तो किती वेळा वापरला जाईल, यावर मात्र चर्चा होऊ शकते आणि व्हावी.

केंद्रे आता सुटी फारशी उरलेली नाहीत, समूहांत आहेत, आणि समूहाशी बोलताना एका शहराची गोष्ट दुसऱ्या शहरात फिरते. १९९४ मध्येच स्क्रिप्स या समूहाची डेट्रॉइट आणि क्लीव्हलँड येथील बळकट केंद्रे हातची जाऊ नयेत म्हणून एबीसीला त्याच मालकाची बाल्टिमोर, फीनिक्स आणि टँपा येथली केंद्रेही पदरात घ्यावी लागली. तुला हवे असलेले एक केंद्र नको असलेल्या तिघांसह येणार असेल, तर तो हिशेब बैठकीआधी करून ठेव. २००६ च्या जानेवारीत डब्ल्यूबी आणि यूपीएन ही दोन नेटवर्के मिटवून सीडब्ल्यूची घोषणा झाली तीही ट्रिब्यून आणि सीबीएस या दोन केंद्रमालकांना आधी बरोबर घेऊनच. फॉक्सच्या मालकीची यूपीएन केंद्रे बाहेर राहिली आणि महिन्याच्या आत फॉक्सने त्यांच्यासाठी मायनेटवर्कटीव्ही जाहीर केले.

जेथे मोकळे केंद्रच नाही तेथे काय करावे, याचे उत्तर केलनर यांनीच डब्ल्यूबी उभारताना दिले. १९९५ च्या प्रारंभी त्यांनी शिकागोच्या डब्ल्यूजीएनची देशभर केबलवरून दिसणारी वाहिनी वापरून रिकाम्या बाजारपेठा झाकल्या, आणि १९९८ पासून लहान बाजारपेठांत केबलवरच चालणारी, स्थानिक जाहिराती घेणारी जणू केंद्रेच उभी केली. तुझ्यासाठी आजचा मार्ग उपवाहिन्यांचा आहे. जून २००९ मध्ये पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचे प्रक्षेपण डिजिटल झाल्यापासून एकाच परवान्यावर मुख्य वाहिनीखेरीज आणखी वाहिन्या चालतात, आणि तेथे तास मागायचे नसून सबंध वाहिनी भरून द्यायची असते. त्यामुळे कपाटातल्या मालिकांचा प्रश्न मिटतो, पण दुसरा उभा राहतो: मुख्य वाहिनीच्या चित्राचा दर्जा राखण्यासाठी उपवाहिन्यांना किती क्षमता द्यायची, हे केंद्राचा अभियंता ठरवतो. त्याला बैठकीला बोलाव. विक्री विभागातली माणसे त्याला विसरतात.

पैशाबद्दल थोडक्यात. पूर्वी नेटवर्क केंद्राला मोबदला देई. १९९२ च्या केबल कायद्याने केंद्रांना केबलकडून पुनःप्रक्षेपणाचे शुल्क मागण्याचा हक्क दिला, आणि कालांतराने ओघ उलटा होऊन मोठी नेटवर्के त्या शुल्कातला वाटा मागू लागली. त्यांच्याकडे फुटबॉल आहे, तुझ्याकडे तूर्त नाही. पहिल्या करारात असा वाटा मागण्याचा आग्रह वरून आला, तर तो तेथेच खोडून काढ. जाहिरातीच्या मिनिटांची वाटणी पुरेशी आहे.

आता कामाचे. पहिल्या पन्नास बाजारपेठांचा तक्ता कर. केंद्र कोणत्या समूहाचे, परवाना कोणत्या गावाच्या नावावर, मनोरा कोठे, उपवाहिन्यांवर सध्या काय चालते, केबलवर कोणत्या क्रमांकाला दिसते आणि चालू करार कधी संपतो, एवढे रकाने पुरेत. बोलणी समूहाच्या मुख्यालयात होतील, तरीही स्थानिक महाव्यवस्थापकाला त्यांची कुणकुण तुझ्याकडूनच लागू दे. मुख्यालयाने लादलेली वाहिनी तो विकत नाही. तक्ता झाला की मला पाठव. करार संपण्याच्या तारखांचा रकाना मी आधी वाचेन, तेव्हा तो अर्धवट ठेवू नकोस.

तुझा हितचिंतक