मराठी माध्यमातल्या आठवीच्या मुलांना इंग्रजी वाचनाची गोडी कशी लावावी?

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. मुलं इंग्रजीला तितकी घाबरत नाहीत, जितकी चारचौघांत चुकायला घाबरतात. म्हणून एकेकाला उभं करून वाचायला लावणं आधी थांबवा.

पुस्तक इयत्ता बघून नको, मुलाची पातळी बघून द्या. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर ते सध्या बाजूला ठेवायचं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या गोष्टी मोफत आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मराठीतही आहेत. आम्ही गोष्ट आधी मराठीत वाचतो, मग तीच इंग्रजीत. एकदा एक मुलगी 'ऑलदो'वर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हे म्हणजे आपलं 'जरी' ना?" शब्दकोश न उघडता! त्या दिवशी मला फार आनंद झाला.

पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात जाल तेव्हा मुलांनाही न्या, निवड त्यांना करू द्या. वर्गात रोज दहा मिनिटं मूक वाचन ठेवा. तेव्हा मीही माझं पुस्तक उघडून बसते, वह्या तपासत नाही. आणि वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं लिहायला लावू नका, अगदी कळकळीने सांगते.